पीसीओएस: चालायला जायचं की दुर्बीण घालायची?

पाळी लांबली, सोनोग्राफी झाली आणि पीसीओएस (हार्मोन्स बिघडून बीज नियमित न फुटण्याचा त्रास) निघाला की घरात हमखास विचारतात, "ऑपरेशन करून गाठी काढून टाकता येत नाहीत का?" मुळात त्या गाठी नव्हेतच, बीजांच्या अर्धवट वाढून थांबलेल्या पिशव्या असतात.

1935 मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी अंडाशयाचा पाचरीच्या आकाराचा तुकडा कापून पाळी सुरू झाल्याचं नोंदवलं. आता दुर्बिणीतून अंडाशयाला सहसा चारेक ठिकाणी चटके देतात. फायदा मुख्यतः बीज फुटण्यापुरता. म्हणून मूल हवंय आणि बीज फुटायला मदत करणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी काम झालं नाही, अशांसाठीच हा मार्ग. भूल आली, आतले अवयव एकमेकांना चिकटण्याची आणि बीजांचा साठा घटण्याची भीती आली. पीसीओएसमध्ये शरीर अनेकदा इन्शुलिनला नीट दाद देत नाही, तो गोंधळ मात्र तसाच राहतो.

त्या गोंधळावर काम करतं ते चालणं आणि ताटात भाताऐवजी जास्तीची उसळ. 80 किलोच्या बाईचं वजन 4 ते 8 किलो उतरलं तरी अनेकींची पाळी रुळावर येते. सोपं नाही हे. उतरलेलं वजन लग्नसराईत परत चढतंच. आणि पीसीओएस असलेल्या सडपातळ मुलीला 'बारीक हो' सांगणाऱ्यांना काय म्हणावं!

माझा कौल जीवनशैलीला. फक्त पस्तिशी ओलांडली असेल आणि मूल हवं असेल, तर वर्षभर नुसतं चालत बसू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच भेटा.