धनुष्याच्या पाठीसाठी बांबूच्या कामट्या मागवताय? आमचे १३,६४० रुपये कसे बुडाले ते वाचा

लाकडी धनुष्याच्या पाठीला, म्हणजे बाण सोडताना समोर राहणाऱ्या बाजूला, लावायला बांबूच्या बारा कामट्या मागवल्या. आल्या त्यातल्या एकीवरही साल नव्हती. सालीखालचा जोरकस थर रंध्याने उडवलेला आणि वर चकचकीत लॅकर चोपडलेलं. आकडे आधी सांगतो. ८५० ला एक, अशा बारा कामट्यांचे १०,२००, ट्रान्सपोर्टचे ६४०, मिळून १०,८४०. त्यातले ५,००० आगाऊ, ५,८४० बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो आल्यावर, दोन्ही वेळा यूपीआयने. शिवाय ज्यांच्यावर या कामट्या चिकटवल्या त्या धामणीच्या लाकडाच्या दोन फळ्या गेल्या, १,४०० ची एक, म्हणजे २,८००. एकूण १३,६४० रुपये.

पद्धत तुम्हाला माहीत असलेलीच. आधी हातभर लांबीचा नमुना फुकट, एकदम अस्सल. मग "सर, लॉट संपत आलाय". मग आगाऊ. मग बिल्टी. मग फोन बंद.

खरा संताप येतो तो कोटेशनमुळे. त्यात लिहिलं होतं: मोसो बांबू, १० सें.मी. व्यासाचा, लांबी ६ फूट, रुंदी ३८ मि.मी., जाडी मध्ये आणि कडेला सारखीच ५ मि.मी., सीझन आणि फिनिश केलेला. लबाडी या ओळीतच होती. बांबू गोल असतो. १० सें.मी. व्यासाच्या बांबूतून ३८ मि.मी. रुंद कामटी काढली की तिचा मध्य कडांपेक्षा जवळजवळ पावणेचार मि.मी. वर येतो. पोटाची, म्हणजे आतली, बाजू सपाट करून मध्ये ५ मि.मी. ठेवले, तर कडेला जेमतेम सव्वा मि.मी. उरतो. कडेलाही ५ हवेत आणि मध्येही ५, तर वरची गोलाई रंधून टाकण्यावाचून मार्ग नाही. आणि बांबूचा सगळा जीव त्या गोलाईतच असतो. व्यास, रुंदी, जाडी तिन्ही आकडे समोर होते, विक्रेत्यानेच लिहून दिलेले! पण हातात चोख नमुना असताना कोटेशनवर भूमिती मांडत कोण बसतं? नमुना पाहून माल घेणं हा कुठल्याही बाजारातला रिवाज आहे. त्या रिवाजाचाच गैरफायदा घेतला गेला.

व्हिडिओही पाठवला होता, कामटी दोन हातांनी छान कमानीसारखी वाकवलेली. त्याला काडीची किंमत देऊ नका. सुटी ५ मि.मी. ची पट्टी आतल्या गराचीसुद्धा वाकते. लाकडावर चिकटून धनुष्याची पाठ झाली की ती वाकण्यापेक्षा ताणली जाते, आणि तो ताण फक्त बाहेरचे दाट धागे पेलतात. व्हिडिओत एक गोष्ट मात्र दिसत होती: बोटं गाठींवरून सरळ सरकत गेली, कुठे अडली नाहीत. अस्सल कामटीवर गाठ हाताला लागतेच.

परीक्षा कापलेल्या टोकाची करायची. टोक धारदार पटाशीने स्वच्छ छाटा, पाण्याचं बोट फिरवा आणि भिंगातून पाहा. धाग्यांचे काळपट ठिपके दिसतील. सालीकडे ते बारीक आणि एकमेकांना खेटून, पोटाकडे मोठे आणि विरळ. आमच्या कामट्यांच्या दोन्ही बाजूंना ठिपके विरळच होते, मध्ये नुसता फिका गर. लॅकर टोकालाही जाड लावलेलं, म्हणून छाटल्याशिवाय काही दिसत नव्हतं. रंगही कॅरॅमलसारखा होता. वाफेने भाजून बांबू असा तपकिरी करतात, फरशीला तो शोभून दिसतो, पण त्यात त्याची ताकद कमी होते.

फिनिश केलेली कामटी मिळत असेल तर तिथेच थांबा. पाठीचं फिनिश धनुष्य पूर्ण वाकवून, टिलर करून, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या वाकतील असं तासून झाल्यावर करायचं असतं. आधी लॅकर मारायचं कारण एकच, खालचं दिसू नये.

टिलर करत ओढ वाढवताना गाठीपाशी बारीक ढलपी उचलली गेली आणि पाठ तिथेच आडवी तुटली. दोन्ही धनुष्यांत तीच जागा. यावर फोन बंद करण्याआधी विक्रेत्याचं उत्तर काय, तर "सर, ग्लूइंग तुमचं चुकलं." ग्लूइंग चुकलं असतं तर कामटी सुटून निघाली असती आणि धामणीवर गुळगुळीत गोंद दिसला असता. इथे सांधा शाबूत होता, तुटल्या जागीही बांबूचे धागे धामणीला घट्ट चिकटलेले होते. दोन्ही चिकटबाजू ८० नंबरच्या पेपरने खरडून ॲसिटोनने पुसल्या होत्या, ॲराल्डाइट (दोन भागांचा इपॉक्सी गोंद) वजनाने १०० रेझिनला ८० हार्डनर असं घेतलं होतं, क्लॅम्प बेताचे आवळले होते, कारण जास्त आवळले की गोंद बाहेर पडून सांधा कोरडा राहतो. पांढरा सुतारी गोंद वापरलेला नव्हता, सततच्या ताणाखाली तो सरकतो हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

कामटी घरी काढणं एवढं अवघड नाही, आणि ८५० रुपये तर मुळीच लागत नाहीत. बांबू तीन-चार वर्षांचा, पक्का, सरळ आणि जाड भिंतीचा हवा. कोकणातला माणगा भरीव आणि चिवट, पण बारीक, त्यामुळे रुंद कामटीला गोलाई फार येते. रुंदीसाठी कळक बरा पडतो. फोडून सावलीत वाळवा. कोवळा किंवा स्टार्च भरलेला बांबू असेल तर भुंगा लागून पीठ गळतं. पोटाची बाजू रंध्याने सपाट करत लांबीच्या मध्यावर ५ आणि टोकांना ३ मि.मी. वर आणा, कडांवर लक्ष ठेवून. सालीकडून फक्त वरची मेणचट हिरवी कातडी खरवडायची, स्क्रेपरने किंवा सुरीच्या पाठीने, आणि धागा दिसू लागला की हात थांबवायचा. गाठीचा उंचवटा तसाच ठेवा, फक्त टोकदार कंगोरा घासा. गाठ सपाट केली की तिथले धागे कापले जातात आणि धनुष्य तिथेच जातं. बाजूच्या धारा गोल करा, नाहीतर ढलपी तिथून उठते. शेवटी २२० आणि ३२० चा पेपर, मग लाखेचं पॉलिश पातळ हातांनी, किंवा जवसाचं तेल.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली, ही दिवाणी बाब आहे." दुसरा, "धनुष्य कशाला लागतं तुम्हाला?" जणू चौकशी आमचीच! दाखवायची एक वस्तू आणि द्यायची दुसरी, तेही पैसे उकळायच्या हेतूने, याला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. ते दाखवल्यावर अर्ज ठेवून घेतला आणि पोच द्यायला खळखळ केली. अर्जावर "बांबूच्या काठ्या" असं लिहायला लावलं, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं की काठ्या मागवल्या आणि काठ्याच आल्या. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. पेमेंट ॲप म्हणतं व्यवहार यशस्वी, तक्रार बंद. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो खोकं बंद आलं, बंद दिलं. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर सांगितलं, आधी तज्ज्ञाचा अहवाल आणा. कुठला तज्ज्ञ, कोणत्या प्रयोगशाळेचा, ते कोणी सांगेना. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे तपासणीशिवाय दोष कळत नसेल तर नमुना प्रयोगशाळेकडे पाठवणं हे आयोगाचं काम आहे, तक्रारदाराने फक्त तिची फी भरायची. हे आम्ही खिडकीतल्या माणसाला वाचून दाखवायचं? पगार कशाचा घेतात ही माणसं? दहा-बारा हजारांची रक्कम कोणालाच मोठी वाटत नाही, आणि विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच ते एका वेळी एवढेच पैसे काढतात.

तरीही तक्रार कराच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगात फी नाही, वकील लागत नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितके ते पुढच्या खात्यात सरकतात. पूर्ण रक्कम बिल्टीवर देऊ नका, बिल्टी खोक्याची असते, आतल्या मालाची नसते. मागणी लेखी करा: साल शाबूत, गाठी न घासलेल्या, लॅकर नाही, मधली आणि कडेची जाडी वेगवेगळी लिहिलेली. लॉटमधल्या कामट्यांच्या छाटलेल्या टोकांचा फोटो मागा, त्यावर त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. टाळाटाळ झाली की व्यवहार तोडा. खोकं उघडताना सलग व्हिडिओ घ्या. आणि सगळ्या कामट्या वापरू नका, फेकूही नका. निदान एक न छाटलेली, लॅकरसकट, नमुन्याच्या तुकड्याबरोबर बांधून ठेवा, प्रयोगशाळेला तीच द्यावी लागते.