पीएमएस५००३ धूळ-सेन्सर: गोव्यातल्या प्रबंधासाठी कितपत चालतो?

पर्यावरण आणि आरोग्य या विषयात एम.एस्सी. करणाऱ्यांकडे हल्ली हमखास दिसतो तो प्लँटॉवर कंपनीचा हा लेझर सेन्सर. हवेतल्या कणांवरून लेझरचा प्रकाश किती विखुरतो त्यावरून तो धूळ मोजतो. काडेपेटीहून थोडा जाड, ५ व्होल्टवर चालणारा. डेटाच्या पिना मात्र ३.३ व्होल्टच्या आहेत, जोडणी करताना तेवढं सांभाळा.

धुरासाठी हा खरंच उत्तम आहे. चुलीचा धूर असो, कचरा जाळल्याचा असो की नरकासुर जाळतात त्या पहाटेचा, त्यातले कण बारीक असतात आणि चढउतार लगेच दिसतो. स्वयंपाकघरात जमिनीपासून दीड मीटरवर, चुलीपासून मीटरभर लांब टांगा. स्लीप मोडमधून उठवल्यावर पहिली ३० सेकंदं सोडून द्या, तोवर पंखा स्थिरावलेला नसतो.

खनिजवाहतुकीवर प्रबंध असेल तर मात्र याच्या भरवशावर राहू नका. सावर्डे-कुडचडे भागात ट्रकांमागे उडते ती लाल धूळ बरीचशी जाडी असते. असे जड कण या लहानशा पंख्याच्या ओढीने नीट आत येत नाहीत, त्यामुळे अंगणातल्या तुळशीच्या पानांवर लाल थर दिसत असतानाही पीएम१०चा (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा कमीच येतो. तो रकाना प्रबंधात घेऊच नये.

दुसरी अडचण आपल्या हवेची. आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे, सल्फेटचे कण पाणी धरून फुगतात, जास्त प्रकाश विखुरतात आणि सेन्सर ते पाणीही धूळ म्हणून मोजतो. म्हणून सोबत आर्द्रतामापक हवाच. शिवाय दोनेक आठवडे फिल्टरवाल्या सॅम्पलरशेजारी (हवा ओढून धूळ फिल्टरवर गोळा करणाऱ्या यंत्राशेजारी) ठेवून दुरुस्तीचं सूत्र काढा, तेही पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगवेगळं. मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढणाऱ्या सॅम्पलरमधून २४ तासांत २४ घनमीटर हवा जाते. फिल्टरचं वजन १.२ मिलिग्रॅमने वाढलं तर पीएम२.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) झालं घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम. २४ तासांचं भारतीय मानक ६० आहे, त्यात ते बसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या १५ या पातळीच्या मात्र तिपटीहून जास्त.

आणखी एक, शंभरपर्यंतच्या आकड्यांत कंपनी स्वतःच १० मायक्रोग्रॅमचा फरक धरते. दोन वाड्यांत आठाचा फरक दिसला म्हणून तिथल्या मुलांच्या दम्याशी त्याचा संबंध जोडणं चूक आहे. दोन सेन्सर घ्या आणि आधी एकाच खिडकीत शेजारी शेजारी चालवून पाहा.