मॅटलॅबचं कॅम्पस लायसन्स, रूमवरच्या लॅपटॉपवर

सांगलीत विश्रामबागेत रूम घेऊन राहणाऱ्या माझ्यासारख्या इलेक्ट्रिकलच्या पोरीला मॅटलॅबचं, म्हणजे आकडेमोड आणि सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरचं, कॉलेजनं विद्यार्थ्यांसाठी घेतलेलं हे लायसन्स म्हणजे मोठा आधार आहे. कॉलेजच्या ईमेलवर मॅथवर्क्सचं (मॅटलॅब बनवणारी कंपनी) खातं उघडायचं, त्याच खात्यानं इन्स्टॉलरमध्ये लॉगिन करायचं, लायसन्स निवडायचं. अ‍ॅक्टिव्हेशन तिथंच उरकतं. पण टूलबॉक्सच्या (एकेका विषयाच्या जोड-पॅकेजच्या) यादीत सगळ्यांवर टिक करू नका! २० जीबीच्या वर जागा जाते आणि रूमवरच्या नेटवर डाउनलोड रात्रभर चालतं. मी सिम्युलिंक, कंट्रोल सिस्टीम आणि सिग्नल प्रोसेसिंग एवढंच घेतलं; बाकीचे नंतर अ‍ॅड-ऑन्समधून घालता येतात. जुना लॅपटॉप असेल तर सरळ ब्राउझरमधलं मॅटलॅब ऑनलाइन वापरा. लॅबला कुलूप लागल्यावरही मला मोटरचं सिम्युलेशन चालवता येतं, म्हणून ५ पैकी ५.