नवा कायदा की जुन्याच कलमाची दुरुस्ती?
द्वेषपूर्ण भाषणासाठी स्वतंत्र कलमं हवीत, ही मागणी मला समजते. विधी आयोगाने २०१७ सालीच २६७व्या अहवालात ती सुचवली होती. २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण तिच्यात या कलमांचा पत्ता नाही. जुन्या दंड संहितेतलं समाजगटांत वैर पसरवण्याबद्दलचं कलम १५३अ तेवढं नव्या संहितेत कलम १९६ झालं. चीड येते.

तरीही माझा कौल दुरुस्तीला. कलम नवं आलं तरी वापरणारे हात तेच. २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने तर ती फक्त लाइक केली होती! शिवाय १९६खाली खटल्याला सरकारची मंजुरी लागते, त्यामुळे सत्तेच्या जवळच्या माणसाचं चिथावणीखोर भाषण तिथेच अडकू शकतं. आधी ही मंजुरी सरकारच्या हातून काढा.