बिलाचा रोल, 79 मिमी: वेबकॉमिक काढणाऱ्यांनी एकदा तरी घेऊन बघा

हो, तोच रोल, किराणा दुकानात बिल निघतं तो. स्टेशनरीवाल्याकडून 60 रुपयांना घेतला आणि गेले सात महिने माझं वेबकॉमिक मी आधी यावर काढते, मगच टॅबलेटला हात लावते. त्यामुळे हा रिव्ह्यू जरा मोठा होईल कारण रोलपेक्षा तो कशासाठी लागतो ते सांगणं जास्त गरजेचं आहे.

माझा प्रॉब्लेम असा होता की मी शाळेपासून पानावर कॉमिक काढत आले, म्हणजे एका पानात पाच-सहा चौकटी आणि पान उलटलं की धक्का. मोबाईलवर उभं स्क्रोल करायचं कॉमिक काढायला घेतलं तेव्हा त्याच चौकटी एकाखाली एक लावल्या आणि झालं असं वाटलं. पण वाचणारे भराभरा खाली जायचे, रडायच्या जागेवरून सुद्धा. गोष्ट तीच, चित्रं तीच, मग बिघडतंय कुठे ते कळेना. एका ऑनलाइन कोर्सला पैसे भरले, तिथे दोन तास ब्रश कसे निवडायचे ते शिकवलं आणि गतीबद्दल फक्त एवढंच की 'मोकळी जागा सोडा'. किती सोडा? कुठे सोडा? ते नाही.

मग एक दिवस कंपासपेटीतली पट्टी घेऊन मोबाईल मोजला. साडेसहा इंची, 20:9 (उंची-रुंदीचं प्रमाण) वाला फोन असेल तर स्क्रीन साधारण 68 मिमी रुंद आणि 150 मिमी उंच भरते. आणि बिलाचा मोठा रोल येतो 79 मिमीचा! म्हणजे दोन्ही बाजूला पाच-पाच मिमी समास सोडला की वाचणाऱ्याच्या हातात जे दिसणार तेच, त्याच मापात, कागदावर. मोठ्या मॉनिटरवर काम करताना हेच सगळ्यात फसवं असतं, तिथे तीन-चार स्क्रीनचा मजकूर आपल्याला एकदम दिसतो आणि वाटतं वा काय मस्त जमलंय, पण वाचणाऱ्याला तो तसा एकदम कधी दिसतच नाही.

वापरायची पद्धत सांगते. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्या, मधोमध 68 बाय 150 ची खिडकी कापा, खिडकीच्या वर आणि खाली एकेक आडवी चीर द्या, आणि रोलची पट्टी खालच्या चिरेतून आत घालून वरच्या चिरेतून बाहेर काढा. आता अंगठ्याने वर सरकवत वाचायचं. झालं तुमचं स्क्रोल. रोलचा कागद सारखा गुंडाळायला बघतो, ती कटकट पण या खिडकीत मिटते.

अंतर मी बोटात आणि वितीत मोजते. टॅबलेटवर 800 पिक्सेल रुंदीचा कॅनव्हास धरला तर या मापात एक सेंटीमीटर म्हणजे साधारण 118 पिक्सेल. नेहमीचं बोलणं चाललेलं असेल, ती विचारतेय तो उत्तर देतोय, तर दोन चौकटींमध्ये एक बोट पुरे, म्हणजे 200 च्या आसपास. कोणी विचारात पडलं, नजर वळवली, तर चार बोटं. आणि माझी वीत भरते 19 सेंटीमीटर, स्क्रीनची उंची 15, म्हणजे वीतभर मोकळं सोडलं की एका क्षणी स्क्रीनवर काहीच उरत नाही! नुसता कोरा कागद. हे हातानं ओढून बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण तो कोरा कागद सरकताना मनात खरंच थांबायला होतं.

माझ्या तिसऱ्या एपिसोडमध्ये एक मुलगी अकरावीला गावाहून पुण्याला निघते. एसटी सुटते, ती खिडकीतून बघते, खाली आई उभी. आधी मी एसटीचं मागचं चाक आणि आईचा चेहरा इतके जवळ काढले होते की दोन्ही एकाच स्क्रीनवर दिसत होते. चाक फिरायच्या आधीच आईचे डोळे दिसले तर निरोप कसला? रोलवर मी चाकाखाली धुळीचा एक पट्टा ओढला, तो खाली विरळ विरळ होत गेला, मग वीतभर काहीच नाही, आणि मग आई, चौकटीशिवाय, छोटीशी, हात अर्धा वर. हे आईला, म्हणजे माझ्या खऱ्या आईला, ओढायला दिलं. ती धुळीपर्यंत सरसर आली, मग हात हळू झाला, आणि आईचं चित्र आल्यावर थांबलाच. दोन मिनिटांनी म्हणाली, "अगं तिचा पदर नीट काढ, वाऱ्यावर आहे ना ती." बास, मला कळलं की जमलं.

याच्यावर मी खूप विचार केलाय. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी आहेत, कुडाळजवळ, ठाकर समाजाची परंपरा, परशुराम गंगावणे यांना 2021 ला पद्मश्री मिळाली ती याच परंपरेतल्या कामासाठी. तिथे कथा सांगणारा एकेक चित्र समोर धरतो, गातो, आणि प्रसंग संपला की पुढचं चित्र घेतो. चित्र किती वेळ समोर राहणार हे सांगणाऱ्याच्या हातात. आपल्या स्क्रोल कॉमिकमध्ये ते वाचणाऱ्याच्या अंगठ्यात गेलंय, कोरियात 2003 ला कांग फुल या कॉमिककाराने दाउम या वेबसाइटवर उभ्या पट्टीत गोष्ट सांगितली तेव्हापासून हेच चाललंय. आपल्याकडे उरतं फक्त अंतर. अंतर आणि मजकूर, कारण संवादाच्या फुग्यात जास्त शब्द असले की अंगठा आपोआप थांबतो. धावण्याच्या प्रसंगात मी फुगे काढूनच टाकते, चौकटी तिरक्या करून एकमेकींवर चढवते, रोलवर ते सर्रकन निघून जातं. आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, आपल्या वेलांट्या-उकारांमुळे ओळी उंच होतात, इंग्रजीचा फुगा बघून माप घेतलं तर मजकूर कोंबल्यासारखा होतो आणि जिथे नको तिथे वाचणारा अडकतो.

सॉफ्टवेअर लागतंच, मी क्लिप स्टुडिओ पेंट वापरते, त्यात व्ह्यू मेन्यूमध्ये वेबटूनसाठी, म्हणजे अशाच उभ्या स्क्रोल कॉमिकसाठी, ऑन-स्क्रीन एरिया आहे, फोनवर किती भाग दिसेल त्याची चौकट कॅनव्हासवर येते, आणि कंपॅनियन मोडने क्यूआर कोड स्कॅन करून फोनवर प्रिव्ह्यू पण बघता येतो. दोन्ही छान आहेत, पण ते कामाला येतात चित्र बऱ्यापैकी तयार झाल्यावर. तोपर्यंत आपण त्या चित्रावर आठ तास घातलेले असतात आणि ते खाली सरकवायला, कापायला जीव होत नाही. रोलवर पेन्सिलची रेघोटी असते, मधेच कात्रीने कापायचं, कोरा तुकडा सेलोटेपने जोडायचा, परत ओढून बघायचं. एका प्रसंगासाठी मी चार वेळा कापाकापी केली, अर्धा तास पण लागला नाही.

आता तक्रारी. हा 79 चा रोल थर्मल, म्हणजे शाईशिवाय उष्णतेने छपाई होणारा. त्याची बाहेरची बाजू लेपाची असते, तिच्यावर नख लागलं तरी काळी रेघ उठते, उन्हात किंवा गरम जागी राहिला तर कागद काळवंडतो. म्हणून आतल्या साध्या बाजूवर काढा. या लेपात बऱ्याचदा बिस्फेनॉल नावाचं घातक रसायन असतं, त्यामुळे लहान मुलांच्या हातात देऊ नका आणि काम झाल्यावर हात धुवा. जेल पेन पसरतं, एचबी पेन्सिल उत्तम. आणि मी घेतलेल्या रोलवर 50 मीटर छापलं होतं, मोजला तर 42 भरला, हे मला अजिबात आवडलं नाही. तरी माझा एपिसोड साडेचार मीटरच्या आसपास जातो, म्हणजे नऊ एपिसोड निघाले, त्या हिशोबाने पैसे वसूल.

दुसऱ्यांदा मी 76 मिमीचा साधा रोल आणला, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला लागतो तो, त्याला लेप नसतो, दोन्ही बाजूंनी लिहिता येतं आणि खोडरबर पण नीट चालतं. समास जरा कमी मिळतो एवढंच. दोन्हींतला एकच घ्यायचा असेल तर हाच घ्या. दुकानात नुसतं 'बिलाचा रोल' म्हणालात तर थर्मल देतात, 'बिनथर्मल, 76 चा' असं सांगून मागा, आणि 57 मिमीचा छोटा देत असतील तर घेऊ नका, तो स्क्रीनपेक्षा अरुंद पडतो.