नागपूरच्या टोलरस्त्यावरील डिजिटल फलक : उजेड भरपूर, माहिती तुटपुंजी

नागपूरहून बाहेर पडणाऱ्या एका चौपदरी टोलरस्त्यावर लोखंडी कमानी उभारून त्यांवर इलेक्ट्रॉनिक संदेशफलक बसवण्यात आले आहेत. कामानिमित्त या रस्त्याने नेहमी जाणे-येणे असल्यामुळे ही सोय प्रवाशाच्या कितपत उपयोगी पडते, याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. रस्त्याचे आणि तो सांभाळणाऱ्या कंपनीचे नाव मुद्दामच घेत नाही. थोडक्यात सांगायचे तर यंत्र चांगले आहे, पण त्यावर काय लिहायचे याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

यंत्राबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. काळ्या पाटीवरची पिवळसर नारिंगी अक्षरे मे महिन्यातल्या भर दुपारी, पारा 45 अंशांवर गेलेला असतानाही ठळक दिसतात आणि अंधार पडला की उजेड आपोआप मंद होतो, त्यामुळे डोळे दिपत नाहीत. मावळतीचा सूर्य नेमका फलकाच्या मागे असतो तेव्हा मात्र अक्षरे पुसट होतात. ती अडचण दिवसातून थोडाच वेळ टिकते.

मराठी अक्षरांची मांडणी हा त्याहून गंभीर दोष आहे. हे फलक ठिपक्यांच्या जाळीवर चालतात आणि इंग्रजीची मोठी लिपी त्या जाळीत सहज मावते. देवनागरीला मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी वेगळी जागा लागते. ती न सोडल्यामुळे ‘पुढे वळण’ या ओळीतला पहिला उकार खालच्या ओळीतल्या ‘गती कमी करा’च्या वेलांट्यांना जाऊन भिडतो आणि दुरून पाहणाऱ्याला दोन ओळींऐवजी एक गिचमीड दिसते. ‘अपघातग्रस्त क्षेत्र’ यातले ‘ग्रस्त’ तर ठिपक्यांचा नुसता पुंजका झाले आहे. दोनच ओळी ठेवल्या, जोडाक्षरे टाळून सोपे शब्द निवडले आणि ओळींमध्ये अंतर सोडले, तर याच जाळीवर वाचनीय मराठी उमटू शकते.

वाचायला मिळणारा वेळ मुळातच किती कमी असतो, हे इथे लक्षात घ्यायला हवे. अमेरिकेच्या रस्ताचिन्हांच्या नियमावलीत वेगवान रस्त्यांवरील अशा फलकांसाठी सुमारे 45 सेंटिमीटर उंचीची अक्षरे सांगितली आहेत आणि ती दिवसा साधारण 240 मीटरवरून, तर रात्री 180 मीटरवरून वाचता यावीत, अशी अपेक्षा ठेवली आहे. चौपदरी महामार्गावर ताशी 100 किलोमीटरने जाणारी मोटार सेकंदाला जवळजवळ 28 मीटर कापते, म्हणजे रात्री चालकाच्या हाती साडेसहा सेकंद येतात. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे आणि त्या वेगाला हाच वेळ साडेपाच सेकंदांच्या आत येतो. त्यातही समोरचा ट्रक आणि आरसे यांच्याकडे नजर ठेवायची असते. म्हणूनच त्या नियमावलीने एका पडद्यावर जास्तीत जास्त तीन ओळी, एका संदेशाचे जास्तीत जास्त दोन पडदे आणि दोन्ही मिळून आठ सेकंद, अशी मर्यादा घातली असून सरकणाऱ्या अक्षरांना मनाई केली आहे. भारतातही रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने 2010 मध्ये अशा फलकांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढलेली आहे, तेव्हा विषय नवा आहे अशी सबब चालणार नाही. आमच्या रस्त्यावर मात्र एकच सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन पडद्यांवर फिरते. मराठी पडदा येईपर्यंत गाडी कमानीखालून निघून गेलेली असते, असे अनेकदा होते.

तरीही भाषा आणि अक्षरे दुरुस्त करता येतील. खरी गोम मजकुरात आहे. वर्षातले बहुतेक दिवस या फलकांवर ‘अति घाई संकटात नेई’च्या जातीची सुभाषिते, सणावाराच्या शुभेच्छा आणि सीटबेल्टचा उपदेश चालू असतो. उपदेश चुकीचा नाही, पण रोज तोच मजकूर पाहून डोळा सरावतो आणि लग्नमंडपाच्या दारावरील ‘सुस्वागतम्’कडे जितके लक्ष जाते तितकेच या फलकाकडे जाऊ लागते. मग ज्या दिवशी त्यावर खरोखर महत्त्वाचे काही येते, त्या दिवशीही कोणी वर पाहत नाही.

भीती घालणाऱ्या मजकुराचा परिणाम तर उलटाही होऊ शकतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात 2012 पासून दर महिन्याच्या एका आठवड्यात, वर्षभरात रस्त्यांवर किती माणसे दगावली याचा आकडा महामार्गांच्या फलकांवर दाखवला जात असे. जोनाथन हॉल आणि जोशुआ मॅडसन या संशोधकांनी तिथल्या अपघातांच्या नोंदी तपासून 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला की, आकडा झळकत असताना फलकापुढच्या दहा किलोमीटरांत अपघात सुमारे साडेचार टक्क्यांनी वाढले होते. मोठा आकडा मनात घोळत राहतो आणि तेवढा वेळ चालकाचे रस्त्यावरचे चित्त उडते, असे त्याचे स्पष्टीकरण त्यांनी दिले. सुरक्षा सप्ताहात असे आकडे झळकवण्याची हौस असलेल्या आपल्याकडच्या मंडळींनी हा निष्कर्ष जरूर वाचावा.

फलक नीट वापरला तर काय होते, हेही याच रस्त्यावर पाहायला मिळाले. डिसेंबरातल्या एका पहाटे धुके दाटलेले असताना कमानीवर फक्त दोन ओळी होत्या : ‘2 किमीवर ट्रक बंद’ आणि ‘उजवी लेन धरा’. काय झाले, किती अंतरावर आणि आता काय करायचे, हे तिन्ही त्यात आले. पुढच्या ट्रकांनी कमान ओलांडताच इंडिकेटर देऊन एकामागून एक उजवीकडे सरकायला सुरुवात केली. बंद पडलेला ट्रक धुक्यातून दिसू लागला तोपर्यंत डावी मार्गिका रिकामी झाली होती आणि कोणालाही करकचून ब्रेक मारावा लागला नाही. नियंत्रण कक्षात त्या पहाटे कोण होते ते ठाऊक नाही, पण काम अचूक झाले होते.

दुर्दैवाने संदेश लावण्याइतकेच तो काढण्याचे भान लागते आणि ते इथे नाही. ‘पुढे काम चालू, डावी लेन बंद’ ही सूचना काम आटोपून बॅरिकेड उचलल्यानंतरही कित्येक दिवस तशीच झळकत राहिली. आता नेहमीचे ट्रकचालक ती पाहून न पाहिल्यासारखे करतात. उद्या खरोखर लेन बंद असेल तेव्हा ते तिथे त्याच वेगाने पोहोचतील, याची धास्ती वाटते. सांगण्यासारखे काही नसेल तेव्हा फलक कोरा ठेवायला काहीच हरकत नाही.

माणसाच्या आठवणीवर हे सोपवायचे नसेल तर त्यालाही जुना आणि पारखलेला उपाय आहे. ब्रिटनमध्ये लंडनभोवतीच्या एम 25 या मोटारमार्गाच्या एका भागात 1995 पासून बदलती वेगमर्यादा लागू आहे. डांबराखाली पुरलेल्या तारांच्या वेटोळ्यांवरून वाहतूक मंदावल्याचे कळते आणि मागच्या कमानींवर कमी वेगाचा आकडा आपोआप उमटतो. रांगेच्या शेपटीवर मागून येऊन आदळणाऱ्या गाड्या वाचवणे हा त्यातला मोठा हेतू. आपल्याकडे टोल घेणाऱ्या कंपन्या कमानी आणि कॅमेरे उभारतात, पण कॅमेऱ्याला दिसणारे फलकापर्यंत पोहोचवणारी व्यवस्था मात्र फोन उचलणाऱ्या माणसावर सोपवलेली असते.

नागपूरला अशा फलकांची गरज कमी नाही. जामठ्याला क्रिकेटचा सामना असला की वर्धा मार्ग तुंबतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात आणि शहरातली वाहतूक वळवावी लागते. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मोर्च्यांमुळे सिव्हिल लाइन्स भागातले रस्ते बंद होतात. ही सगळी गर्दी तारीखवार आधीच ठाऊक असते. तरीही बाहेरगावच्या चालकाला ती कळते ती शहराच्या तोंडाशी रांगेत अडकल्यावरच, कारण आमच्या रस्त्यावरचा सर्वांत मोठा फलक बाह्यवळणाला जाणारा फाटा ओलांडल्यानंतर अर्ध्या किलोमीटरवर उभा आहे. त्यावर ‘शहरात गर्दी, बाह्यवळणाने जा’ असे अगदी वेळेवर आले, तरी पुढचा कट येईपर्यंत गाडी वळवायची सोय नाही. नवा फलक बसवण्याआधी हा एक फाट्याच्या दोन किलोमीटर अलीकडे हलवला तरी पुष्कळ काम होईल. तोपर्यंत या रस्त्याने शहरात येणाऱ्यांनी फाट्याच्या अलीकडे नकाशा पाहून घ्यावा.