भाड्याचा मल्टिपॅरामीटर सोंड, महिनाभर उल्हास नदीत: मशीनला 4 स्टार, दुकानाला 2

भाच्याच्या एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी अंधेरीच्या एका दुकानातून हा सोंड (sonde, म्हणजे नदीत सोडून ठेवायचं पाणी मोजणारं मशीन) महिनाभर भाड्याने घेतला. एकाच नळीत पीएच, तापमान, कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते ते), गढूळपणा आणि विरघळलेला ऑक्सिजन. दर 15 मिनिटांनी रीडिंग म्हणजे दिवसाला 96. मोहन्याच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला ओळखीतल्यांच्या पंपापाशी भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात सोडला, साखळी-कुलूप आमचंच.

ऑक्सिजनचा सेन्सर ऑप्टिकल आहे, म्हणजे प्रकाशाने मोजतो, जुन्या मेंब्रेनवाल्यासारखी द्रावण भरत बसायची कटकट नाही. आणि खरा पैसा वसूल रात्री होतो. आपण बाटली भरायला जाणार कधी, तर कसारा लोकलने आंबिवलीला उतरून 11 वाजता, तेव्हा नदी शहाण्यासारखी वागते कारण शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढतं आणि ग्राफचा खड्डा पडतो पहाटे, तेव्हा तिथे कोण जाणार?

दुसऱ्या आठवड्यात ऑक्सिजनची लाइन दिवसापण खालीच, सपाट. दुकानात फोन केला तर "सेन्सर गेला असेल, आणून द्या". गेलो तर पाइपाभोवती जलपर्णीचा गालिचा सरकून आलेला, खाली ऊन नाही की वारा नाही, सेन्सर बिचारा खरं सांगत होता! त्याच्या पुढच्या आठवड्यात मात्र उलटं झालं, गढूळपणा चढतच गेला, पाऊस नाही काही नाही, ते निघालं सेन्सरच्या काचेवरचं बुळबुळीत हिरवं. वायपर आहे पण कडेचं निघत नाही त्याने. तेव्हापासून दर रविवारी मी, भाचा आणि एक जुना टूथब्रश.

हे दुकानवाल्याने आधी सांगायला हवं होतं, तो म्हणालेला महिनाभर हात लावायची गरज नाही. काउंटरवर ऱ्हाईन नदीचं उदाहरण देत होता. अरे बाबा, 1986 ला स्वित्झर्लंडमधल्या बाझलजवळ केमिकलच्या गोदामाला आग लागून विष नदीत गेलं, त्यानंतर तिथे जे स्टेशन बांधलं ते पात्रात पाच ठिकाणांहून पाणी पंपाने इमारतीत खेचतं आणि आत माणसं आहेत, आमच्याकडे पाइप आणि साखळी.

अजून एक, "बीओडीपण देतो" (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप) हे ऐकून घेऊ नका. आपल्याकडे बीओडी म्हणजे लॅबमध्ये 27 अंशाला तीन दिवस बाटली ठेवायची, महागडे सेन्सर फार तर अंदाज देतात आणि या मॉडेलमध्ये तोपण नाही. कॉलिफॉर्म, म्हणजे मैल्यातले जंतू मोजणं, तर सोडूनच द्या.

पीएचचा सेन्सर जुळवून घ्यायच्या द्रावणाच्या (बफरच्या) तीन बाटल्या दिल्या, पीएच 4, 7 आणि 10 च्या, त्यातली 10 ची एक्स्पायर झालेली, नवीन मागितली तर वेगळे पैसे. डिपॉझिट पूर्ण मिळालं, पण नळीवर ओरखडा आहे म्हणून अर्धा तास वाद घातला, तो ओरखडा आम्ही नेतानाच्या फोटोत होता म्हणून वाचलो. फोटो काढूनच न्या.